सिंगापूरहून विनिपेगला परत: उणे ३० चा पहिला हिवाळा कसा काढावा

आम्ही कॅनडातलं विनिपेग सोडलं ते २०१४ च्या उन्हाळ्यात. त्याच्या आधीचा हिवाळा इथले लोक अजून विसरलेले नाहीत. ३१ डिसेंबर २०१३ ला दुपारीसुद्धा पारा उणे ३० च्या आसपास अडकला होता, आणि मंगळावरच्या क्युरिऑसिटी यानाने नोंदवलेलं दिवसाचं कमाल तापमान त्याहून थोडं वर होतं. पुढे जमीन इतकी खोलवर गोठली की दोन हजारांहून जास्त घरांना पाणी पोचवणारे नळ जमिनीखाली बंद पडले. तो हिवाळा आम्ही काढला होता. त्यामुळे सिंगापुरात ११ वर्षं राहून २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन मुलांसह परतलो, तेव्हा मी निर्धास्त होते. थंडी मला माहीत होती.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी, उणे १८ मध्ये, बसथांब्यावर २५ मिनिटं उभी राहिले. पायात सिंगापूरहून आणलेले चामड्याचे बूट आणि सुती मोजे. घरी येऊन बूट काढले तर उजव्या पायाची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडलेली, चिमटा काढला तरी कळत नव्हतं. सुदैवाने अर्ध्या तासात ती पूर्ववत झाली. पण त्या अर्ध्या तासात एक गोष्ट पक्की समजली. थंडी माझ्या आठवणीत होती, अंगवळणी राहिली नव्हती. इथे पहिल्यांदा येणारा माणूस घाबरून चार जणांना विचारतो. परतणारा विचारत नाही आणि म्हणून जास्त गारठतो.

सिंगापूर, दुबई, बंगळुरू, पुणे अशा ठिकाणी बरीच वर्षं राहून कॅनडाला परतणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहिते आहे. आधार विनिपेगचा आहे. एडमंटन, सॅस्काटून, रेजायना इथे जवळपास सगळं जसंच्या तसं लागू पडेल. टोरंटो आणि मॉन्ट्रिअलला थंडी कमी, पण ओला बर्फ आणि चिखल जास्त, म्हणून तिथे पाणी आत न येणारे बूट आणि कोट आधी बघा. व्हँकुव्हरला जाणार असाल तर मुख्यतः रेनकोट लागेल आणि यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल.

परतायचं कधी

जमलं तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या. मुलांची शाळा सुरू होते, हे एक कारण. दुसरं कारण शरीराचं. सिंगापुरात बारा महिने २५ ते ३२ अंश. तिथून थेट जानेवारीत उतरलं तर अंगाला तयारीला वेळच मिळत नाही. सप्टेंबरात १५, ऑक्टोबरात ५, नोव्हेंबरात शून्याखाली, अशा पायऱ्यांनी उतरलं की फरक पडतो. या दिवसांत रोज अर्धा तास बाहेर चाला, आणि थोडं गार वाटतंय इतपतच कपडे घाला. सुरुवातीला १० अंशांत दात वाजतात. सहा-सात आठवड्यांनी त्याच १० अंशांत कोटाची चेन उघडी राहते.

डिसेंबर-जानेवारीतच यावं लागत असेल तर प्रत्येकाचा जाड कोट, टोपी, हातमोजे आणि बूट विमानात जवळ ठेवा, सामानात टाकू नका. बॅगा एक दिवस उशिरा येऊ शकतात, आणि विमानतळाच्या दारापासून गाडीपर्यंतची पाच मिनिटं कोणाला चुकत नाहीत.

सिंगापूरच्या मॉलमध्ये ‘विंटर वेअर’ म्हणून जे मिळतं ते जपान-कोरियाच्या सहलीसाठी ठीक आहे. त्यावर पैसे घालवू नका. तिथून येताना आतले लोकरीचे पातळ कपडे तेवढे घ्या, बाकीचं इथे.

खरेदी पायापासून सुरू करा

बहुतेक जण आधी कोट घेतात. माझं म्हणणं, आधी बूट, मग हातमोजे, मग कोट. धडाला ऊब द्यायला एकावर एक तीन स्वेटरही चढवता येतात. पाय आणि हात मात्र आधी बधिर होतात, कारण थंडी वाजली की शरीर तिथलं रक्त आखडून घेतं आणि हृदय, फुप्फुसं राखतं.

बुटांवर उणे ३० किंवा उणे ४० असा आकडा लिहिलेला असतो. तो कंपनीने ठरवलेला अंदाज असतो आणि चालत राहणाऱ्या माणसासाठी असतो. बसथांब्यावर उभं राहायचं असेल तर उणे ४० चेच घ्या. आतलं फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर सुटं निघणारं हवं, कारण दिवसभरात पायाचा घाम त्यात मुरतो आणि रात्री ते बाहेर काढून वाळवलं नाही तर दुसऱ्या दिवशी तोच ओलावा पाय गारठवतो. माप घेताना जाड लोकरी मोजे घालूनच बूट चढवा आणि आत बोटं हलतात का बघा. ऊब जास्त मिळेल म्हणून घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले की रक्तच पोचत नाही, आणि पाय आणखी गार पडतात.

हातमोज्यांत पाच बोटं वेगळी असलेले दिसायला नेटके असतात, पण उणे २० च्या खाली मिट्सच हवेत, म्हणजे चारही बोटं एका पिशवीत राहणारे. बोटं एकमेकांना ऊब देतात. आत पातळ हातमोजे घातले की किल्ली लावताना किंवा फोन घेताना उघडा हात धातूला लागत नाही.

कोट, इथल्या भाषेत पार्का, मांडीपर्यंत लांब हवा. चेनवर झडप हवी आणि टोपडं खोल हवं. टोपड्याच्या कडेची लव नुसती शोभेची नसते. ती चेहऱ्यासमोर वारा अडवून थोडी स्थिर हवा धरून ठेवते. पिसांचा कोट हलका आणि सर्वांत उबदार, पण भिजला की निकामी. विनिपेगच्या जानेवारीत बर्फ इतका कोरडा असतो की तो झटकला तरी पुरतं, भिजण्याची वेळ येत नाही. टोरंटोत मात्र कृत्रिम भरणाचा, पाणी न शोषणारा कोट बरा.

लोकरी टोपीला इथे टूक म्हणतात. कान पूर्ण झाकणारी घ्या. गळ्याला मफलरपेक्षा नळीसारखा नेकवॉर्मर सोयीचा, तो वर ओढला की नाकही झाकलं जातं. एक खास आपल्या बायकांसाठी: धातूचे मोठे कानातले आणि नाकातली चमकी थंडी थेट कातडीत उतरवतात. उणे ३० ला मी ते काढून ठेवते.

हे सगळं नवं घेतलं तर चार जणांचं बिल डोळे पांढरे करणारं होतं. मुलं दर वर्षी वाढतात, म्हणून त्यांचे पार्का आणि बर्फातले पँट जुन्या कपड्यांच्या दुकानांतून घ्या, उत्तम स्थितीतले मिळतात. बूट मात्र प्रत्येकाला नवे.

घालण्याचा क्रम

अंगालगत सुती कपडा नको, हा एकच नियम लक्षात राहिला तरी पुष्कळ. सुती कापड घाम शोषून ओलं राहतं, आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. आपण सुतीवर वाढलेली माणसं, सिंगापुरात तर दुसरं काही अंगाला सोसत नाही, त्यामुळे ही सवय मोडायला वेळ लागतो. अंगालगत पातळ लोकर किंवा पॉलिस्टरचं थर्मल. त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, ज्यात हवा अडकून राहते. सर्वांत वर वारा अडवणारा पार्का. कमरेखाली थर्मल आणि त्यावर पँट. उणे २५ च्या खाली किंवा बराच वेळ बाहेर राहायचं असेल तर त्यावर बर्फातला पँट.

घरातून निघताना पार्का आणि टोपी सर्वांत शेवटी, दारापाशी. आधी घालून किल्ल्या शोधत बसलात तर घाम येतो आणि बाहेर पडल्यावर तोच घाम गारठतो. दुकानात शिरलं की लगेच चेन उघडा, टोपी-हातमोजे काढा. दुकानांत २१-२२ अंश असतात. पार्का घालून अर्धा तास फिरलं की बनियन ओला झालाच म्हणून समजा.

वाऱ्याचा हिशेब

सकाळी बाहेर पडण्यापूर्वी दोन आकडे बघायचे, तापमान आणि विंडचिल. हवामान खात्याच्या ‘वेदरकॅन’ ॲपवर दोन्ही मिळतात. वारा अंगाभोवतीचा उबदार हवेचा पातळ थर उडवून लावतो, आणि त्यामुळे कातडी किती झपाट्याने गार पडेल हे विंडचिलवरून कळतं. उणे २० तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर विंडचिल उणे ३३. तोच वारा उणे ३० ला असेल तर उणे ४६.

उणे २८ ते उणे ३९ विंडचिलमध्ये उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० ते उणे ४७ मध्ये ५ ते १० मिनिटांत. त्याखाली दोन-पाच मिनिटंही पुरतात. हे आकडे मी कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत, मुलीला ते पाठ आहेत. उणे ४० च्या पुढे आम्ही चालत कुठेही जात नाही.

शहराच्या मध्यभागी पोर्टेज आणि मेन हा चौक वाऱ्यासाठी ख्यात आहे. १९७९ पासून तो पायी रस्त्यावरून ओलांडता येत नसे, भुयारातून जावं लागे. २०२५ मध्ये वरून ओलांडायला परत परवानगी मिळाली. थंडी कडक असेल त्या दिवशी मी अजूनही भुयारातूनच जाते. मध्यवस्तीतल्या बऱ्याच इमारती बंदिस्त पुलांनी आणि भुयारांनी जोडलेल्या आहेत, त्यांचा नकाशा पहिल्याच आठवड्यात फोनवर घेऊन ठेवा. टोरंटोचं पाथ आणि कॅलगरीचं प्लस १५ ही तशीच जाळी. बसचे जुने क्रमांक मात्र डोक्यातून काढून टाका. २९ जून २०२५ ला विनिपेगचं सगळं बसजाळं नव्याने आखलं गेलं. जुन्या आठवणीवर चुकीच्या थांब्यावर उभं राहणं उन्हाळ्यात चालून जातं, जानेवारीत नाही.

चालताना बर्फापेक्षा त्याखालचा गुळगुळीत थर धोक्याचा. पावलं आखूड टाका, पूर्ण तळवा टेकवा, हात खिशात घालू नका. फार थंडीत मिठाने बर्फ वितळत नाही, म्हणून इथे वाळू टाकतात. जिथे वाळू दिसेल तिथून चाला.

घर: कोरडी हवा आणि दह्याचं विरजण

सिंगापुरात भिंतीला बुरशी येऊ नये म्हणून धडपडावं लागतं. इथे नेमकं उलटं. उणे २५ ला एक घनमीटर हवेत जेमतेम अर्धा ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा घरात येऊन २१ अंशांना तापली की तिच्यात सुमारे १८ ग्रॅम मावू शकतं, पण असतं तेवढंच अर्धं. म्हणून ती जिथून मिळेल तिथून ओलावा ओढते: ओठांतून, टाचांतून, नाकातून. आमच्या मुलाचा पहिल्या महिन्यात तीनदा घोळणा फुटला. घाबरू नका. त्याला पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा, डोकं मागे करू नका. वारंवार होऊ लागलं तर डॉक्टरांना दाखवा.

उपाय हवेत ओलावा सोडणाऱ्या ह्युमिडिफायरचा, पण बेताने. घरातली आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा, त्यासाठी पंधरा-वीस डॉलरचं आर्द्रतामापक घ्या. खिडकीच्या काचेवर आतून पाणी साचू लागलं तर ती जास्त झाली. ते पाणी चौकटीत गोठतं, मग लाकूड कुजतं. उणे ३० ला ३० टक्केसुद्धा जास्त होतात, तेव्हा आणखी खाली आणा. आपल्या स्वयंपाकात कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, भात यांची वाफ पुष्कळ असते, तेव्हा पंखा लावाच. काच मात्र फार कोरडी आणि ओठ फुटलेले असतील, त्या दिवशी मी मुद्दाम पंखा बंद ठेवून भात शिजवते.

अंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात. कढत पाणी सुखाचं वाटतं, पण अंगावरचं तेल धुऊन नेतं. अंग ओलसर असतानाच क्रीम किंवा तेल चोळा. दिवाळीच्या अभ्यंगाचं तीळतेल इथे मार्चपर्यंत रोज वापरावं असं माझं मत झालं आहे. टाचांच्या भेगांना रात्री कोकमाचं तेल, कोकणात ज्याला मुठेल म्हणतात ते, किंचित गरम करून लावा आणि वर मोजे घाला. नारळाचं तेल घरातल्या २० अंशांत कायम गोठलेलं राहतं, म्हणून रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा.

फर्नेसचं, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचं, फिल्टर हिवाळ्याआधी बदला, पुढे दर महिन्याला काढून बघा. कार्बन मोनॉक्साइडचा गजर प्रत्येक मजल्यावर हवा. फर्नेसचा धूर भिंतीतून बाहेर सोडणारे पाइप बर्फाने बुजले नाहीत ना, हे प्रत्येक वादळानंतर बाहेर जाऊन बघा. अंगणातल्या नळाचं पाणी ऑक्टोबरमध्येच आतून बंद करून पाइप रिकामा करा. बाहेरच्या भिंतीलगतचं सिंक असेल तर कडक थंडीच्या रात्री खालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, म्हणजे घरातली ऊब पाइपापर्यंत पोचते. २०१४ मध्ये ज्यांचे नळ गोठण्याची भीती होती त्यांना पालिकेने एक नळ अखंड चालू ठेवायला सांगितला होता, पेन्सिलीएवढ्या जाड धारेने. पाण्याची बचत अंगी बाणलेल्या आपल्या माणसांना ते बघवत नसे. पण वाहतं पाणी सहजासहजी गोठत नाही, आणि जमिनीखालचा नळ गोठला तर तो सोडवायला आठवडे जातात.

दही आणि पीठ आंबवण्याचं सांगायलाच हवं, कारण फोनवर सर्वांत जास्त विचारणा याचीच होते. ओव्हन चालू करायचा नाही, फक्त आतला दिवा लावायचा. विरजण लावलेलं पातेलं झाकून आत ठेवा. रात्रभरात दही घट्ट लागतं, इडलीचं पीठही फुगतं. दारावर चिठ्ठी मात्र लावा, नाहीतर सकाळी कोणीतरी ओव्हन तापवतं.

गाडी

विनिपेगच्या गाड्यांच्या तोंडातून विजेची वायर लोंबताना दिसते, ती ब्लॉक हीटरची. इंजिनातलं द्रव ती रात्री कोमट ठेवते. पारा उणे १५ च्या खाली जाणार असेल तर लावायची. टायमर घेतला तर निघण्याआधीचे तीन-चार तास पुरतात, रात्रभर वीज जाळायची गरज नाही. निघताना प्लग काढायला विसरू नका. टोरंटोकडून किंवा व्हँकुव्हरकडून जुनी गाडी घेत असाल तर हीटर बसवलेला आहे का हे आधी विचारा. बॅटरी चार वर्षांहून जुनी असेल तर ऑक्टोबरात तपासून घ्या, थंडीत तिची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

हिवाळी टायर घ्याच. साध्या टायरचं रबर ७ अंशांच्या खाली ताठरू लागतं. डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह टायरवर हवं. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्याने सक्तीचे आहेत, मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या प्रांतात, नाहीत, तरी घ्या. उणे ३० ला रात्रभर उभ्या गाडीचे टायर तळाशी चपटे होऊन बसतात आणि पहिली काही मिनिटं गाडी खडखडत जाते. टायर चौकोनी झाले, म्हणतात इथे. काही बिघडलेलं नसतं.

टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. गाडीत जाड पांघरूण, फावडं, वाळूची पिशवी, मेणबत्ती, काडेपेटी, टॉर्च, बॅटरी जोडायच्या वायरी आणि चिक्की ठेवा. महामार्गावर बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. धूर जायची नळी बर्फाने बुजलेली नाही हे बघून तासातून दहा मिनिटं इंजिन चालवा आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. गाडी सापडते, बर्फात भरकटलेला माणूस सापडत नाही.

बाजारातून येतानाची एक गोष्ट कोणी सांगत नाही. दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंत जाताना उणे ३० ला कोथिंबीर आणि केळी काळी पडतात. पिशवीच्या तळाशी ठेवून वर टॉवेल टाका. औषधं गाडीत ठेवू नका, विशेषतः इन्सुलिन.

मुलं

माझी मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. दोघांचा जन्म सिंगापूरचा. त्यांना बर्फ चित्रातला माहीत होता. शाळेत मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर खेळायला सोडतात, विंडचिल उणे २७-२८ च्या आसपास गेलं की आत ठेवतात. म्हणजे उणे २० ला बाहेर खेळणं हा नेहमीचा दिनक्रम. ही कल्पना आई-बापांनी आधी पचवायला हवी. मुलं लवकर रुळतात.

वर्गात एक शिक्षिका आणि वीस-पंचवीस मुलं. म्हणून पाच वर्षांच्या मुलाला कपडे स्वतः चढवता आले पाहिजेत. आम्ही ऑक्टोबरात घरात रोज तालीम केली: आधी बर्फातला पँट, मग बूट, मग नेकवॉर्मर, टोपी, पार्का, आणि मिट्स सर्वांत शेवटी. पँटच्या आधी बूट घातले की सगळं परत काढावं लागतं. मिट्स आधी घातले की चेन ओढता येत नाही. प्रत्येक वस्तूवर नाव लिहा, मिट्सचा दुसरा जोड दप्तरात ठेवा, शाळेत घालायचे वेगळे बूट तिथेच राहू द्या.

लहान मुलांच्या गळ्यात लांब मफलर किंवा नाडी नको, झोपाळ्या-घसरगुंडीत अडकते. गाडीतल्या मुलांच्या खुर्चीत जाड कोट घालून पट्टा लावू नका. कोट दबतो आणि अपघातात पट्टा सैल ठरतो. पट्टा आधी, वरून पांघरूण. रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात बोगदे खणायचे नाहीत, कारण बर्फ ढकलणारी यंत्रं तिथेच येतात. नदीवर पाय ठेवायचा तो फक्त शहराने खुल्या केलेल्या वाटेवर. आणि लोखंडाला जीभ लावायची नाही. हे हसण्यावारी नेऊ नका, गोठलेल्या खांबाला जीभ खरोखर चिकटते. चिकटलीच तर ओढू नका, कोमट पाणी ओता.

अंधार

थंडीची तयारी सगळे करतात, अंधाराची कोणी करत नाही. विषुववृत्ताजवळच्या सिंगापुरात वर्षभर बारा तासांचा दिवस. २१ डिसेंबरला विनिपेगमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझा नवरा न बोलता बसून राहू लागला, रविवारी दुपारपर्यंत उठेना. आम्ही ते थकव्यावर ढकललं. तसं ढकलू नका.

रोज जेवणाच्या सुट्टीत, ऊन असताना, वीस मिनिटं बाहेर चालायचं. विनिपेगची थंडी बहुधा स्वच्छ उन्हाची असते आणि बर्फावरून उजेड दुप्पट होऊन येतो. सकाळी १०,००० लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसल्याने अनेकांना बरं वाटतं. डोळ्यांचा काही त्रास असेल किंवा मनाच्या आजारावर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ड जीवनसत्त्व ऑक्टोबर ते एप्रिल उन्हातून मिळत नाही असंच धरून चाला. इथलं दूध ते घातलेलंच येतं. ७० वर्षांपर्यंतच्या मोठ्यांना दिवसाला ६०० युनिट लागतात, त्यापुढे ८००. उदासी दोन आठवडे हटली नाही तर डॉक्टरांकडे जा. नवरा गेला, आणि आता बरा आहे.

बोट पांढरं पडलं तर

कातडी आधी लाल होते, दुखते, मुंग्या येतात. मग दुखायचं थांबतं आणि पांढरी किंवा राखाडी दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर हा बदल उशिरा लक्षात येतो, म्हणून रंगावर विसंबू नका. दुखणं थांबलं हीच धोक्याची खूण समजा.

लगेच आत जा. ओले मोजे-हातमोजे काढा. बोटं काखेत धरा किंवा ३७ ते ३९ अंशांच्या, कोपर घालून सुखद वाटेल अशा पाण्यात बुडवा. चोळायचं नाही. बर्फाने तर मुळीच नाही, हा जुना समज अजून ऐकू येतो. शेगडी किंवा हीटरजवळ धरायचं नाही, कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. परत गोठण्याची शक्यता असेल तर तोवर ऊब देऊ नका, एकदा सुटून दुसऱ्यांदा गोठलेलं बोट जास्त बिघडतं. फोड आले, किंवा अर्ध्या तासात संवेदना आली नाही, तर इस्पितळ गाठा.

कोणी कुडकुडता कुडकुडता अचानक शांत झालं, शब्द अडखळू लागले, बटण लावता येईना, तर अंगाचं तापमान ३५ च्या खाली गेल्याची लक्षणं आहेत. ९११ ला फोन करा. दारूचा घोट देऊ नका. दारूने कातडीकडे रक्त धावतं, गरम वाटतं, आणि आतली ऊब निघून जाते.

जानेवारीनंतर

इथवर पोचलात की घरात कोंडून घेऊ नका. शहरातल्या दोन नद्यांच्या संगमावर, फोर्क्सपाशी, गोठलेल्या नदीवर स्केटिंगची वाट खुली होते. तिच्या कडेने वास्तुरचनाकारांनी उभारलेल्या ऊब घेण्याच्या झोपड्या असतात, २०१० पासून दर वर्षी नव्या. फेब्रुवारीत सेंट बॉनिफेस या शहरातल्या फ्रेंच वस्तीत फेस्टिव्हल द्यु व्होयाजर हा हिवाळी उत्सव भरतो, १९७० पासून. तिथे बर्फावर ओतलेला मेपलचा पाक काडीला गुंडाळून खायला देतात. मुलाला तो तिळगुळाच्या पाकासारखा वाटला. संक्रांत इथे वर्षातल्या सर्वांत थंड आठवड्यांत येते. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, डिंकाचे लाडू हे सगळं या हवेसाठीच आहे असं पहिल्यांदा मनापासून पटलं.

मार्चमध्ये दुपारी पाणी वाहतं आणि रात्री त्याचाच आरसा होतो. घसरून हात मोडण्याचे दिवस हेच, जानेवारीतले नाहीत. बुटांना अडकवायचे काटे तेव्हा वापरा. पार्का एप्रिल संपेपर्यंत माळ्यावर टाकू नका. दुकानांत फेब्रुवारीअखेर हिवाळी माल निम्म्या किमतीला निघतो. पुढच्या वर्षीचे मुलांचे बूट तेव्हाच घ्या, एक माप मोठे. आमचे दोन जोड तळघरात ठेवलेत. आत वर्तमानपत्राचे बोळे घातलेत आणि तळव्यावर मुलीने नावं लिहिलीत.